चेहरा एकीचा, हात दुसरीचे

बसथांब्यावरचं ते मोठं चित्र घडीबाईला पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिने झटकन मान फिरवली आणि समोरच्या चपलांच्या दुकानाकडे बघत बसली. चपला काही घ्यायच्या नव्हत्या, आणि दुकानही बंद होतं. पण चित्राकडे बघायचं नाही असं एकदा ठरवलं की माणसाला दुसरीकडे कुठेतरी बघावं लागतंच.

घडीबाई हे तिचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिने उभा जन्म काढला, तिथे हे नाव तिला चिकटलं. चादर असो, उशीचा अभ्रा असो, नाहीतर डॉक्टरांचा पांढरा डगला, तिच्या हातची घडी कडेला कड जुळवून अशी बसायची की कपाटात छतापर्यंत चादरी रचल्या तरी ढीग तिरका व्हायचा नाही. निवृत्त झाली तरी खोड गेली नाही. घरातला पेपर वाचून झाला की मूळ घडीवर पुन्हा घडी घालून ठेवणार, आणि कुणी तो विस्कटला तर दिवसभर फुगून बसणार. मुलगा म्हणतो, "आई, पेपर आहे तो, पेशंट नाही." ती कडा जुळवत राहते.

तर ते चित्र. एक बाई बाकावर बसली आहे. अंगात धुलाईखान्याचा निळा झगा, मागे वाफेने धुरकटलेली खिडकी. चेहरा असा, की ही आता खदखदून हसणार आणि थांब्यावरचे सगळे दचकणार. हात मांडीवर, एकावर एक ठेवलेले, आणि उजव्या मनगटापासून अंगठ्यापर्यंत भाजल्याचा लांबट डाग. खाली लिहिलं होतं, की आयुष्यभर कष्टकऱ्यांची चित्रं काढणाऱ्या चित्रकारबाईंच्या आजवरच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन मोठ्या संग्रहालयात भरतंय. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. सर्वांनी यावं, असं आमंत्रण होतं.

दुसऱ्या दिवसापासून घडीबाई तो थांबा टाळून पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊ लागली. घरात सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मुलाने विश्वास ठेवला. मुलगे ठेवतात.

पण सून वेगळ्या मातीची. ती शहराच्या बसगाड्यांवर तिकीट तपासनीस. खाडाखोड केलेला पास तिच्या नजरेतून सुटत नाही, झोपेचं सोंग घेतलेला माणूस तिला चार बाकांवरून ओळखू येतो. ते चित्र गावभरच्या थांब्यांवर लागलं होतं आणि ती दिवसभर त्याच्यासमोरून चढत-उतरत होती. एका संध्याकाळी ती घरी आली, खांद्यावरची पिशवी खुंटीला लावली आणि सासूसमोर उभी राहिली.

"आई, हात पुढे करा."

"का? काय चोरलंय मी?"

"करा तर खरं."

सुनेने तिचा उजवा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला. "मला वाटलंच होतं. तुमचं चित्र गावभर लागलंय आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"माझं नाहीये ते. चेहरा बघ की नीट."

"चेहरा नाहीच तुमचा. पण हात तुमचे आहेत. रोज सकाळी या हातांचा चहा पिऊन मी कामावर जाते. मला ओळखू येणार नाहीत?"

इतक्या वर्षांत कुणी हे आपण होऊन ओळखलं नव्हतं. नवऱ्याला तिने कधीकाळी स्वतः सांगितलं होतं. तो "असं होय?" म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला. बिचारा आता हयात नाही, तेव्हा त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सून असं म्हणाल्यावर घडीबाईला एकदम भरून आलं, आणि ती खुर्चीत बसून पदर-रुमाल काही न शोधता सरळ रडायलाच लागली. सून घाबरली. मग तिने दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "आता सगळं सांगा. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे भोंग्यापासून.

भोंगा ही घडीबाईची जोडीदारीण. नावाप्रमाणेच आवाज. ती हसली की पलीकडच्या इमारतीतल्या रोग्यांना वाटायचं, जेवणाची वेळ झाली. उंच, रुंद खांद्यांची, कुणाच्या बापाला न भिणारी. घडीबाई तिच्या खांद्याला लागायची आणि बोलायची तर जेमतेम. धुलाईखान्यात जोड्या लावलेल्या असत, कारण मोठी चादर एकटीला आवरत नाही. या दोघी एकीकडून ओल्या चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या, दुसऱ्या जोडीने पलीकडून कोरड्या ओढून घ्यायच्या. दिवसभर वाफ, गोंगाट आणि भोंग्याची बडबड. घडीबाईने तिला कधी गप्प बस म्हटलं नाही. तिच्या वाटचं बोलणंही भोंगाच बोलून टाकायची, त्यामुळे दोघींचं छान जमायचं.

एकदा एका चादरीच्या फाटक्या काठाचा पीळ घडीबाईच्या मनगटाभोवती बसला आणि चादरीबरोबर हातही रोलरकडे ओढला गेला. तिला ओरडायलाही सुचलं नाही. भोंग्याने कोपराने लाल बटण हाणलं, दुसऱ्या हाताने तिचा दंड धरून असा हिसडा दिला की दोघी मागच्या टोपल्यांवर कोसळल्या. मग भोंग्याने तिला फरफटत नळाखाली नेलं आणि हात धारेखाली धरून ठेवला. घडीबाई सोड सोड म्हणत होती. भोंगा तिला तोंडाला येतील त्या शिव्या देत होती, आणि सोडत नव्हती. हात वाचला. डाग राहिला.

पुढे रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं, की धुलाईखाना बंद करायचा आणि कपडे बाहेरच्या कंत्राटदाराकडे द्यायचे. बायकांनी अर्ज केले, खेटे घातले. कुणी दाद देईना. तेव्हा कुठून तरी त्या चित्रकारबाई आल्या. ठेंगणी मूर्ती, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, नखांत कायमचा रंग. त्यांनी विचारलं, "तुमच्या साहेबांनी तुमच्यापैकी कुणाचा चेहरा तरी पाहिलाय का?" कुणाचाच पाहिला नव्हता. "मग आपण दाखवू," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी रंगांची पेटी घेऊन धुलाईखान्यातच मुक्काम ठोकला. प्रत्येक बाईचं एक चित्र काढायचं आणि सगळी चित्रं साहेबांच्या खिडकीसमोरच्या कुंपणावर टांगायची, असा त्यांचा बेत होता.

त्यांची एक पद्धत होती. आधी चेहरा, मग कपडे, आणि हात अगदी शेवटी, शेवटच्या बैठकीला. सुरुवातीला माणूस हात कुठे ठेवू, कसे ठेवू, याचाच विचार करत अवघडून बसतो. दोन-तीन बैठका झाल्या की त्याला हातांचा विसर पडतो आणि मग ते आपोआप आपल्या जागी येतात, असं त्या म्हणायच्या. भोंग्याचा चेहरा झाला, झगा झाला. आणि हातांच्या दिवशी भोंगा आलीच नाही. तिचे दिवस भरत आले होते, पण बाळाला आईसारखीच घाई. पहाटेच मुलगी झाली.

चित्रं तर त्याच आठवड्यात कुंपणावर लागायची होती. चित्रकारबाईंचं घोडं अडलं. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि कोपऱ्यात अभ्रे रचणाऱ्या घडीबाईला विचारलं, "हिची जोडीदारीण तू ना? तुझे हात देशील हिला?"

घडीबाई बसली. स्वतःचं चित्र तिने आधी नको म्हणून सांगितलं होतं, लाजेने. हात द्यायला तिला लाज वाटली नाही. बाईंनी डाग पाहिला, तो कसा पडला ते विचारलं नाही, जसा होता तसा रंगवला. चित्र पुरं झाल्यावर म्हणाल्या, "खाली दोघींची नावं घालू?" तेव्हा आमच्या या शहाण्या बाईने काय सांगावं? म्हणे, "नाव चेहऱ्याला असतं, हातांना कसलं नाव?" स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर असा.

चित्रं कुंपणावर लागली. रोग्यांचे नातेवाईक थांबून बघू लागले, मग रस्त्यावरचे लोक, मग वर्तमानपत्रवाले. सगळ्यांत जास्त गर्दी भोंग्याच्या चित्रासमोर. हसऱ्या तोंडाची बाई आणि भाजलेला हात, लोकांना तिथून हलवेना. साहेबांची पंचाईत झाली. शेवटी एक जाहीर सभा भरली. बाळंतपणातून उठलेली भोंगा व्यासपीठावर, घडीबाई शेवटच्या रांगेत. सभेत साहेबांच्या बाजूचा एक माणूस उठला आणि म्हणाला, "तो हातावरचा डाग खरा आहे की चित्रात रंगवून टाकलाय?"

भोंग्याने क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाली, "खरा आहे. हात माझाच. रोलरमध्ये गेला होता."

शेवटच्या रांगेतली घडीबाई उठली आणि बाहेर निघून गेली.

भोंग्याला तसं का बोलावं लागलं हे तिला कळत नव्हतं असं नाही. अर्धी बाई एकीची, अर्धी दुसरीची असं सांगितलं असतं तर त्या माणसाने सगळीच चित्रं खोटी ठरवली असती. ते सगळं घडीबाईला कळत होतं. पण भोंग्याने एकदा तरी शेवटच्या रांगेकडे पाहायला हवं होतं. नुसतं पाहिलं असतं, तर घडीबाईने मान डोलावली असती. न विचारता घेतलं, हे तिच्या काळजाला लागलं. आधी माझं बोलणं हिने बोललं, आता माझं दुखणंही हीच दुखणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मुकादमाला सांगून जोडी बदलून घेतली. भोंगा घरी आली, हिने दार उघडलं नाही. कामावरच्या बायका "अगं, पण ऐकून तरी घे" म्हणून तोंड उघडायच्या, की ही दोन्ही कानांवर हात ठेवायची आणि म्हणायची, "माझ्यासमोर तिचं नाव काढायचं नाही." बायकांनी कंटाळून नाव काढायचं सोडलं. धुलाईखाना वाचला, नोकऱ्या टिकल्या. भोंगा गावोगाव सभांना जाऊ लागली, पुढे कामगार संघटनेच्या कचेरीतच बसायला लागली. त्या दोघी शेवटचं कधी बोलल्या हे आता घडीबाईलाही आठवत नव्हतं.

"म्हणजे तुमचे हात तिने ढापले," सून म्हणाली.

"ढापले काय, मीच दिले. फक्त..." आणि घडीबाईचं वाक्य नेहमीसारखं अर्ध्यावर राहिलं.

"फक्त काही नाही. परवा मला सुट्टी आहे. आपण जायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा. तिथल्या लोकांना सांगायचं, हात माझे आहेत म्हणून."

घडीबाईने तिला निरनिराळी कारणं सांगून पाहिली. गुडघे, ऊन, गर्दी. पण ज्या बाईने आयुष्यभर विनातिकीट प्रवाशांची कारणं ऐकली, तिच्यापुढे ती काय टिकणार? आणि खरं सांगायचं तर घडीबाईलाही जायचं होतं. वय झालं होतं. आपल्यामागे ते हात कायमचे दुसरीचे होऊन जातील, या विचाराने ती चित्र लागल्यापासून धड झोपली नव्हती. एकदा, फक्त एकदा, चार माणसांसमोर तिला म्हणायचं होतं: हे माझे. रात्री अंथरुणावर पडल्या-पडल्या तिने ते पुटपुटून पाहिलं. जमतंय, असं वाटलं.

संग्रहालय म्हणजे उंच छताच्या खोल्यांमागून खोल्या, आणि पायाखाली फरशी इतकी गुळगुळीत की घडीबाई सुनेचा दंड धरून चालली. भिंतींवर माणसंच माणसं. गटारात उतरणारे, शिवणयंत्रावर वाकलेल्या, विटांची पाटी उतरवून क्षणभर टेकलेली, रात्रपाळीच्या नर्सा, एक म्हातारा लिफ्टवाला. काही चित्रांशेजारी एकेक साधी खुर्ची ठेवलेली होती आणि त्यातल्या काहींत खरोखरची माणसं बसलेली होती. दारावरच्या बाईने समजावून सांगितलं, की चित्रकारबाई जाण्यापूर्वी सांगून गेल्या होत्या: ज्यांची चित्रं काढली त्यांना बोलवा, खुर्ची द्या, आणि लोकांना माझ्याबद्दल नाही, त्यांच्याबद्दल विचारू द्या. लिफ्टवाल्याच्या खुर्चीत त्याचा नातू बसला होता आणि आजोबा प्रत्येक मजल्यावर कोणता विनोद करायचे ते लोकांना सांगत होता.

मोठ्या दालनात पोचायच्या आधीच घडीबाईला आवाज ऐकू आला आणि ती थांबली. थकला होता, जरा चिरका झाला होता, पण तोच. तो आवाज ती मेल्यावरसुद्धा ओळखेल.

"चला," सून म्हणाली.

"थांब जरा."

दोघी गर्दीच्या मागे उभ्या राहिल्या. माणसांच्या खांद्यांमधून घडीबाईने पाहिलं. चित्राशेजारच्या खुर्चीत भोंगा बसली होती. केस पांढरे, गाल ओघळलेले. शेजारी एक बाई उभी होती. पहाटे घाई करून जन्मलेली ती मुलगीच असणार, चेहरा सांगत होता. दालनात उकडत होतं, लोक कागदाने वारा घेत होते, आणि भोंग्याच्या अंगात लांब बाह्यांचा जाड स्वेटर, बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. घडीबाईला आधी वाटलं, ही आजारी आहे. मग लक्षात आलं, ही मनगट झाकतेय. इतकी वर्षं, प्रत्येक सभेत, प्रत्येक उन्हाळ्यात ही मनगट झाकत असणार. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"हात ओढला गेला," भोंगा सांगत होती, "आणि मला ओरडायचंही सुचेना. मला, बरं का! पलीकडच्या इमारतीपर्यंत आवाज जायचा माझा, आणि तोंडातून शब्द नाही."

लोक हसले. सुनेने घडीबाईच्या पाठीला हलकेच ढोसलं. घडीबाईने श्वास घेतला. हे माझे. हे माझे. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"मग मी वाचले कशी? तर माझी जोडीदारीण होती. घडीबाई म्हणायचो आम्ही तिला. एवढीशी बाई, माझ्या खांद्याला लागायची. चार माणसांत बोलायची नाही. पण काय हिंमत! तिने कोपराने बटण हाणलं आणि मला असा हिसडा दिला, असा हिसडा दिला, की आम्ही दोघी टोपल्यांवर पडलो. मग नळाखाली धरून ठेवला माझा हात. मी सोड म्हणतेय, ती सोडायला तयार नाही. हे चित्र बघायला सगळे माझ्याकडे येतात. पण मी प्रत्येक ठिकाणी सांगते, पहिल्या सभेपासून सांगत आलेय, की धुलाईखान्यातली खरी शूर बाई ती. मी नव्हे."

घडीबाईला आधी कळलंच नाही आपण काय ऐकतोय. तिने सुनेकडे पाहिलं. सुनेचं तोंड उघडंच राहिलं होतं. पहिल्या सभेपासून! म्हणजे आपण उठून गेलो, आणि पुढचं वाक्य हे होतं. बायका "ऐकून तरी घे" म्हणत होत्या ते हे होतं. भोंग्याने तिचा डाग घेतला होता, नाइलाजाने, आणि त्याच दमात आपल्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी मर्दुमकी उचलून तिच्या पदरात टाकली होती. गावोगाव. इतकी वर्षं. आणि ही इकडे कानांवर हात ठेवून बसली होती!

पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, कानात ऐकायचं यंत्र. त्यांनी विचारलं, "मग ती बाई आता कुठे असते?"

भोंगा गप्प झाली. भोंगा गप्प झालेली घडीबाईने यापूर्वी एकदाच पाहिली होती, त्या सभेत. मुलीने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"रुसलीय माझ्यावर," भोंगा म्हणाली. "बरोबर आहे तिचं. तुम्हाला सगळं सांगता येणार नाही, पण तिचं बरोबर आहे."

"जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाही," म्हातारे म्हणाले.

आणि तेव्हा गर्दीच्या मागून कुणीतरी ओरडलं, "खोटं आहे! सगळं खोटं सांगतेय ही!"

सगळे वळले. दारावरची बाई धावत आली. ओरडणारी कोण म्हणून सूनही आजूबाजूला बघायला लागली, आणि मग तिला कळलं, की आपल्या सासूबाईच दोन्ही कोपरांनी माणसं बाजूला सारत पुढे चालल्या आहेत. ज्या बाईने घरात कधी आवाज चढवून चहा मागितला नाही, ती.

घडीबाई खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. उजवा हात तिने सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हात माझा गेला रोलरमध्ये. हा बघा. चित्रातला हात हा. ही नव्हतीच त्या दिवशी, ही बाळंत झाली होती." तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "आणि बटण हिने दाबलं. ओढलं हिने. नळाखाली हिने धरला. मी काही केलं नाही, मी नुसती सोड सोड म्हणत होते. शिव्या दिल्या हिने मला, त्या सांगितल्या नाहीत तुम्हाला. हात माझे आहेत, आणि हिंमत हिची आहे. उगाच मला देऊन बसलीय!"

भोंगा खुर्चीचे दांडे धरून उठायला बघत होती. मुलीने हात दिला, तो तिने झिडकारला.

"आलीस?" ती म्हणाली. "आता आलीस? मेले, मी या स्वेटरात उकडून मरायची वेळ आली!"

"मग काढ की तो."

"कशी काढू? हात कोणाचा दाखवू?"

"माझा दाखव. आलेय ना मी."

भोंग्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि रडायला लागली, मोठ्याने, जशी हसायची तशी, की पलीकडच्या दालनातले लोक काय झालं म्हणून बघायला आले. घडीबाईही रडत होती. सून रडत होती आणि आपण रडत नाही असं दाखवायला संग्रहालयातल्या बाईला विचारत होती, आणखी एक खुर्ची मिळेल का. ते म्हातारे गृहस्थ आपल्या कानातलं यंत्र काढून, फुंकून, पुन्हा बसवत होते. त्यांना फक्त एवढंच कळलं होतं, की काहीतरी फार महत्त्वाचं निसटलं.

"तुझ्या आईने मला सांगायचं तरी होतं," घडीबाई भोंग्याच्या मुलीला म्हणाली.

"मावशी, तुम्ही दारच उघडलं नाही म्हणे."

घडीबाईने मान खाली घातली आणि म्हणाली, "नाही उघडलं. चुकलं माझं."

"अर्धं माझं," भोंगा म्हणाली. "मी वळून बघायला हवं होतं. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं गं, म्हणून नाही बघितलं."

तेवढ्यात तिचं लक्ष हातातल्या हाताकडे गेलं. तिने डोळे पुसले, डागावरून अंगठा फिरवला आणि चेहरा पाडून म्हणाली, "अगं, हा एवढासाच? मी तर कोपरापर्यंत सांगितलाय सगळीकडे."

घडीबाईला हसू फुटलं ते आवरेना. भोंगाही सुरू झाली, आणि मग पलीकडच्या दालनातल्यांनी पुन्हा माना वळवल्या. स्वेटर उतरला. दुसरी खुर्ची आली. लोक पांगले, नवे आले, आणि कुणीतरी चित्राकडे बोट दाखवून विचारलं, की या आजींचा हात कसा भाजला.

भोंग्याने घसा साफ केला. "हात हिचा भाजला," ती म्हणाली. "खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रोलर तापलेला होता, आम्ही दोघी चादरी सरकवत होतो, आणि तेवढ्यात..." आणि इतक्या वर्षांची सवय जाते कुठे? "तेवढ्यात हिने काय हिंमत केली माहितीये? कोपराने बटण..."

"तू!" घडीबाई खुर्चीतून ओरडली. "तू दाबलंस, बये! किती वेळा सांगू?"

आपले हात मागायला आलेली घडीबाई त्या दिवशी दालन बंद होईपर्यंत तिथेच बसली, आणि दर नव्या घोळक्यासमोर भोंग्याची हिंमत भोंग्याला परत देत राहिली.